पाठ्यपुस्तकातील आकृतीच्या पुढे

आपल्या विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा एका शास्त्रीय विषयावर लिहू द्यावे अशी विनंती मी संपादक मंडळाला केली, कारण तो विषय मला याच शाळेने दिला. दहावीच्या विज्ञानात डोळ्याची आकृती होती. भिंगातून आलेले किरण दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा उमटवतात आणि दृक्‌चेता तिची वार्ता मेंदूला देते, एवढ्यावर पाठ संपत असे. आमच्या सरांनी फळ्यावरच्या दृष्टिपटलावर खडू टेकवून म्हटले होते, "इथे प्रकाश पोचतो आणि इथून पुढे वीज जाते. मध्ये काय घडते, ते तुमच्यापैकी कोणीतरी शिकून मला सांगा." पुढे मी जीवरसायनशास्त्राकडे वळलो, ते या प्रश्नामुळेच. सर निवृत्त झाले असले तरी ही स्मरणिका त्यांच्या हाती जाईल, म्हणून उत्तर येथेच लिहितो.

मध्ये घडते ते एका रेणूचे सरळ होणे. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचे प्रथिन असते. पेशीचे पटल सात वेळा ओलांडणाऱ्या या प्रथिनाच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल हा रेणू वाकलेल्या स्थितीत बसलेला असतो. प्रकाशकण शोषला जाताच, सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळात, तो सरळ होतो आणि त्यामुळे प्रथिनाचाही आकार बदलतो. बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबूस रंग उजेडात फिका पडतो, हे फ्रान्झ बोल यांनी 1876 मध्ये पाहिले होते. दृष्टिपटलात 'अ' जीवनसत्त्व असल्याचे जॉर्ज वाल्ड यांनी 1933 मध्ये दाखवले आणि पुढील संशोधनासाठी 1967 च्या नोबेल पुरस्कारात ते वाटेकरी झाले. तांबडी भाजी, पपई आणि शेवग्याची पाने खा, म्हणजे रातांधळेपणा येणार नाही, या घरच्या सांगण्यामागचे कारण हेच आहे.

आकार बदललेले रोडॉप्सिन शेजारच्या ट्रान्सड्यूसिन या प्रथिनाच्या अनेक रेणूंना एकामागून एक जागे करते. ते एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावतात आणि हा विकर सायक्लिक जीएमपी नावाच्या छोट्या रेणूंचे झपाट्याने विघटन करतो. पेशीच्या पटलातील आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांच्या ये-जा करण्याच्या वाटा, याच रेणूंमुळे उघडे राहिलेले असतात. ते कमी झाले की मार्ग मिटतात. येथे मला आजही थांबावेसे वाटते. अंधारात हे मार्ग उघडे असतात, त्यांतून सोडियम व कॅल्शियम आत येत राहते आणि पेशी पुढच्या चेतापेशीकडे ग्लुटामेट सतत सोडत असते. प्रकाश आला की हा स्राव घटतो. म्हणजे दंडपेशी अंधारात बोलत असते आणि उजेडाची बातमी ती आवाज कमी करून देते. या मालिकेतील प्रत्येक पायरीवर परिणाम वाढत जात असल्यामुळे एका प्रकाशकणालाही दंडपेशी प्रतिसाद देते. भेकाच्या दंडपेशींवर 1979 मध्ये तो प्रत्यक्ष मोजला गेला.

सुरू झालेला संकेत थांबवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. एक विकर रोडॉप्सिनवर फॉस्फेट जोडतो, मग अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्याला चिकटते आणि ट्रान्सड्यूसिनशी होणारा संपर्क बंद पडतो. सरळ झालेला रेटिनल शेजारच्या थरातील पेशींमध्ये जाऊन पुन्हा वाकवला जातो. जत्रेत दिव्यांच्या लखलखाटातला कालो, म्हणजे जत्रेतले लोकनाट्य, पाहून शेताच्या बांधावर उतरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही आणि हळूहळू वाट दिसू लागते, त्यामागे मुख्यतः हे रोडॉप्सिन पुन्हा तयार होणे असते. पूर्ण सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो.

सरांना सर्वांत आवडेल असा भाग 1986 चा आहे. भीतीने हृदयाची धडधड वाढवणारे अ‍ॅड्रिनलिन ओळखणाऱ्या ग्राहीचे (पेशीवर संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचे) जनुक रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने वाचले, तेव्हा ते प्रथिन रोडॉप्सिनशी नाते सांगणारे आणि तसेच सात वेळा पटल ओलांडणारे निघाले. छातीत धडधड करणारी यंत्रणा आणि प्रकाश टिपणारी यंत्रणा एकाच कुळातली आहे, हे त्या दिवसापासून मानावे लागले. गंधाचे ग्राहीही याच कुळातले आहेत. लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना या ग्राहींवरील कामासाठी 2012 चे नोबेल मिळाले. आज वापरात असलेल्या औषधांचा फार मोठा वाटा या कुळातील ग्राहींवर काम करतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या त्यांतल्याच आहेत.

शाळेकडे माझे एक मागणे आहे. दहावीला डोळ्याचा पाठ येईल तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडक्या काळ्या कापडाने झाकून मुलांना अर्धा तास जवळजवळ अंधारात बसवावे आणि उजेडात सारखेच उजळ दिसणारे एक तांबडे व एक निळे कागद त्यांच्यासमोर धरावेत. मंद प्रकाशात रंग ओळखू येणार नाहीत, पण निळा कागद फिकट आणि तांबडा जवळजवळ काळा दिसेल, कारण रोडॉप्सिन तांबडा प्रकाश फारच कमी शोषते. कारण आधी सांगू नये; मुलांना दोन्ही निरीक्षणे वहीत लिहू द्यावीत आणि पुढच्या तासाला फळ्यावर रोडॉप्सिनची आकृती काढावी.