तुम्ही विचारलंत म्हणून: बेंचवर बसायचे एवढे डॉलर कशाला?

क्लीव्हलंडला राहतो म्हटल्यावर इंडियाहून येणारे पाहुणे, ऑफिसात नवीन लागलेली देशी पोरं, आमचा भाचा, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. अमेरिकन फुटबॉलमधला तो पस्तिशी उलटून गेलेला बॅकअप क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणाऱ्या मेन खेळाडूचा राखीव माणूस, खेळत तर नाहीच, टोपी घालून साइडलाइनला उभा असतो, त्याला 40-45 लाख डॉलर कशाला देतात, कॉलेजमधून आलेला एखादा पोरगा बसवा की स्वस्तात. क्रिकेटवाल्यांना तो बारावा खेळाडू वाटतो. पण बारावा खेळाडू फक्त फील्डिंगला येतो हो, हा आला की पहिल्या बॉलपासून कप्तानीच करतो.

आधी पैशाचं बघू, कारण ते सोपं आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, प्रत्येक टीमला पगाराची मर्यादा असते, सॅलरी कॅप. 2024 ला ती 25.54 कोटी डॉलर होती. त्या वर्षी इंडियानापोलिस कोल्ट्सनी जो फ्लॅको नावाच्या जुन्या क्वार्टरबॅकला एका वर्षासाठी 45 लाख गॅरंटीड दिले, म्हणजे कॅपच्या दोन टक्क्यांहूनही कमी. त्याहून स्वस्तात हवा असेल तर सात वर्षं खेळलेल्या माणसाचा किमान पगार त्या वर्षी 12.1 लाख होता आणि एकाच वर्षाचा किमान पगाराचा करार केला तर कॅपवर 9.85 लाखच धरायचे, वरचं लीग भरायची. हा नियम मुद्दाम केलाय, नाहीतर जुन्या लोकांना कोणी घेतलंच नसतं.

मग एवढा विचार कशाचा करायचा? प्रॅक्टिसचा. सीझन सुरू झाला की आठवडाभर जवळजवळ सगळा सराव मेन क्वार्टरबॅकलाच मिळतो, आणि बॅकअप काय करतो तर पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल, म्हणजे आपल्या डिफेन्सला सराव व्हावा म्हणून दुसऱ्याच टीमचे प्लेज (ठरवलेल्या चाली) चालवत बसतो. आणि मग एक दिवस मेन माणसाचा गुडघा जातो आणि ह्याला सांगतात, जा. हेल्मेटमधल्या स्पीकरमधून कोच प्ले सांगतो, एका दमात म्हणायला अवघड असं लांबलचक वाक्य असतं ते, आणि प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो आवाज बंद! पुढचं सगळं एकट्याचं, हडलमध्ये, म्हणजे टीमच्या घोळक्यात, दहा जणांना ते वाक्य न अडखळता सांगायचं, लाइनवर येऊन बघायचं की समोरचा सेफ्टी, म्हणजे त्यांचा सगळ्यात मागचा बचावपटू, पुढे का सरकलाय, गरज पडली तर प्लेच बदलायचा. नवीन पोराचा हात भारी असतो पण इथे त्याची फे फे उडते.

आमच्याच क्लीव्हलंड ब्राउन्सचं घ्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रीसीझनला (सीझनआधीच्या सराव मॅचना) डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन हा ड्राफ्टच्या (कॉलेजच्या पोरांच्या निवडीच्या) पाचव्या राउंडचा पोरगा चांगला खेळला, म्हणून अनुभवी बॅकअप जोश डॉब्सला अ‍ॅरिझोनाला देऊन टाकलं. गावभर कौतुक चाललेलं, काय हुशार मॅनेजमेंट वगैरे. 1 ऑक्टोबरला मेन क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन खांद्यामुळे बसला (23 कोटी डॉलर, सगळे गॅरंटीड, तो विषयच नको!) आणि बॉल्टिमोरसमोर त्या पोराने तीन इंटरसेप्शन (समोरच्यांच्या हातात गेलेले बॉल) फेकली, 28-3 हरलो. पोराचा दोष काहीच नव्हता, त्याला तिथे उभं करणाऱ्यांचा होता. नोव्हेंबरमध्ये वॉटसन सीझनभरासाठीच गेला तेव्हा घरी बसलेल्या 38 वर्षांच्या फ्लॅकोला प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाच्या राखीव संघात) बोलावलं, आणि ह्या बाबाने पाच मॅच खेळून चार जिंकल्या, 1,600 च्या वर यार्ड फेकले, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, नेलं. धावता येत नाही, खांब जागेवरून हलेल पण हा नाही, पण बॉल वेळेत हातातून सुटतो. तिथे ह्यूस्टनने 45-14 धुतला आणि त्यात फ्लॅकोचे दोन बॉल पकडून सरळ टचडाउन केले, तेही खरंय. अनुभवाला वयही चिकटलेलं असतं.

आता उलट बाजू, कारण मी काही म्हाताऱ्यांचा वकील नाही. 2011 ला स्टार क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगची मान गेली तेव्हा कोल्ट्सनी रिटायर झालेल्या केरी कॉलिन्सला ऑगस्टच्या शेवटी 40 लाखांत उचलून आणला. अनुभव भरपूर, पण प्लेबुक (टीमच्या चालींचं पुस्तक) शिकायला मिळाले दोनेक आठवडे. तीन मॅच, तिन्ही हरला, डोक्याला मार लागून बाहेर, आणि टीम 2-14, म्हणजे दोन जिंकल्या, चौदा हरल्या. मॅनिंगच्या जिवावर उभी असलेली टीम ती, तिथे 40 लाख काय आणि चार कोटी काय.

आणि सगळ्यात महाग पडतं ते आठवणीला पैसे देणं. बॅकअप निक फोल्सने फेब्रुवारी 2018 मध्ये फिलाडेल्फियाला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून दिला, पेट्रियट्सना 41-33, एमव्हीपी (सामनावीर), आणि तेव्हा त्याचा करार होता दोन वर्षांचा 1.1 कोटींचा, म्हणजे अगदी बॅकअपचाच. वर्षभराने जॅक्सनव्हिलने त्याला स्टार्टर (मेन क्वार्टरबॅक) म्हणून चार वर्षांचे 8.8 कोटी कबूल केले. पहिल्याच मॅचला कॉलरबोन मोडलं, सहाव्या राउंडचा गार्डनर मिन्शू भाव खाऊन गेला, आणि पुढच्या मार्चमध्ये फोल्सला शिकागोला पाठवलं तरी त्याचे 1.87 कोटी जॅक्सनव्हिलच्या कॅपवर राहिले. त्याला डेड मनी म्हणतात, साइनिंग बोनस हिशोबात पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो पण माणूस गेला की उरलेला सगळा अंगावर येतो.

म्हणून माझं उत्तर विचाराल तर, घ्या, पण मार्चमध्ये घ्या म्हणजे अख्खा उन्हाळा प्लेबुकसाठी मिळतो, शक्यतो तुमच्या कोचच्या सिस्टिममध्ये आधी खेळलेला, करार एक वर्षाचा, 40-50 लाखांपर्यंत, वर खेळलेल्या स्नॅपप्रमाणे (चालींप्रमाणे) बोनस हवा तेवढा ठेवा. हिशोब तीन-चार मॅचचाच करायचा, त्यातल्या दोन तरी जिंकून देईल का एवढंच बघायचं. दुसरं वर्ष गॅरंटीड मागितलं तर चहा पाजून वाटेला लावा.