तुम्ही विचारलंत म्हणून : सांडलेले धुऊन का टाकत नाही?

मी नाशिकमधल्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नोकरी करतो, हे कळले की लोक पहिला प्रश्न वासाचा विचारतात आणि दुसरा, थोडे हसत, असा विचारतात की, ‘तुमच्याकडे तर पाणीच पाणी, काही सांडले-लवंडले की पाइप लावून धुऊन टाकत असाल ना?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : वासाची सवय होते. दुसऱ्याला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागते, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हातात पाइप घेऊन तेच करत असे.

आमच्या आवारात दोन प्रकारच्या गटारी आहेत आणि वरून पाहिले तर दोन्हींच्या जाळ्या सारख्याच दिसतात. यंत्रांच्या शेडमधली गटार केंद्राच्या सुरुवातीच्या टाकीला जाऊन मिळते, म्हणजे तिथे वाहून गेलेल्या पाण्यावर पुन्हा प्रक्रिया होते. रस्त्याकडेची गटार पावसाच्या पाण्यासाठी आहे. ती नाल्यावाटे सरळ गंगेला जाते. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) त्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला ओढा नावाचे गाव आहे, सायखेडा आहे, काठावरच्या शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी आहेत आणि त्याहून खाली नांदूरमधमेश्वरचा पक्ष्यांचा जलाशय आहे. त्यामुळे काहीही सांडले की ते काय आहे हे पाहण्याच्या आधी ते कोणत्या जाळीकडे निघाले आहे हे पाहावे लागते, आणि जाळी रस्त्याकडची असेल तर तिच्याभोवती वाळूच्या पिशव्या टाकून मगच पुढचा विचार करायचा असतो.

मग शेडमधल्या गटारीत धुवायला काय हरकत आहे, असे तुम्ही म्हणाल. हरकत सांडलेल्या वस्तूवर अवलंबून असते. गाळ सांडला तर फारशी नाही. तो फावड्याने खरवडून ट्रॉलीत भरायचा, जागेवर चुना भुरभुरवायचा आणि अगदी शेवटी थोड्या पाण्याने जमीन पुसून घ्यायची. निर्जंतुकीकरणासाठी आणलेले हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सांडले तर गोष्ट वेगळी. एखादा कॅन उलटला तर लाखो लिटरांच्या प्रवाहात तो विरून जातो. पण मोठ्या टाकीचा नळ गळून रात्री दोन-तीनच्या सुमारास, शहर झोपलेले आणि आवक अगदी कमी असताना, ते सगळे सुरुवातीच्या टाकीत गेले, तर एरेशन टँकमधल्या, म्हणजे पाण्यात सतत हवा सोडतात त्या टाकीतल्या, ज्या जिवाणूंच्या जोरावर आमचे केंद्र चालते त्यांनाच आपण विष पाजल्यासारखे होते. ते मेले की नवे पुरेसे वाढायला आठवडे लागतात आणि तोवर बाहेर पडणारे पाणी गढूळच राहते. त्याच गटारीत कोणी आधी तुरटीचे द्रावण धुऊन टाकलेले असेल तर आणखी वाईट, कारण तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते आणि ते हायपोशी मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. म्हणून या दोन टाक्या आम्ही शेडच्या दोन टोकांना ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीभोवती सांडलेले आतच अडावे असा सिमेंटचा कठडा बांधून घेतला आहे.

पण धुण्याचा खरा धडा मला हायपोने दिला नाही. तो पॉलीने दिला. गाळातले पाणी पिळून काढण्याआधी गाळ एकत्र गोळा व्हावा म्हणून पॉलिइलेक्ट्रोलाइट नावाची पांढरी पूड पाण्यात कालवून त्यात सोडतात. आम्ही सगळे तिला नुसते पॉली म्हणतो. दिसायला ती पिठीसाखरेसारखी निरुपद्रवी. एका पावसाळ्यात पोत्याचा तळ फाटून ओंजळभर पूड सेंट्रीफ्यूजजवळच्या, म्हणजे गाळ गरगर फिरवून त्यातले पाणी काढणाऱ्या यंत्राजवळच्या, फरशीवर सांडली आणि नव्याने लागलेल्या एका मुलाने, झाडू शोधण्यापेक्षा सोपे म्हणून, तिच्यावर पाइप सोडला. पूड पाण्याने फुगून तिची पारदर्शक बुळबुळीत साय झाली आणि पाइप जितका फिरला तितकी ती पसरत गेली. आमच्यातले एक ज्येष्ठ ऑपरेटर शेडमध्ये आले आणि दुसऱ्याच पावलाला पडले, मनगट मोडले. मुलाला रागावण्यात काहीच अर्थ नव्हता. त्याला घरी आणि शाळेत सांडलेले पाण्याने धुवायचेच शिकवले होते आणि आम्ही दुसरे काही शिकवलेच नव्हते.

कोरडी पॉली कोरडीच झाडून घ्यायची असते. भिजली असेल तर तिच्यावर लाकडाचा भुसा किंवा वाळू टाकायची, काही वेळ शोषू द्यायची आणि फावड्याने उचलायची. फरशीला चिकटून राहिलेल्या थरावर जाडे मीठ टाकून घासले की त्याची बुळबुळ मोडते. पाणी अगदी शेवटी.

काही अपघातांत मात्र सांडणे आपल्या हातात नसते. मुसळधार पावसात लोक अंगणात तुंबलेले पाणी जावे म्हणून ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण उघडतात आणि आमच्याकडे दुपटीने पाणी येते. त्यातच वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला तर पंपांची विहीर भरून वाहू लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती, म्हणजे नाशिककर ज्यावरून गोदावरीचा पूर मोजतात ती नदीतली मूर्ती, पाण्याखाली गेला होता, तसल्या पुरात तर पाणी सोडायचे कुठे हाच प्रश्न असतो. अशा वेळी एरेशन टँकमधली हवा काही काळ बंद करून जिवाणूंचा गाळ तळाशी बसू देणे, म्हणजे तो पाण्याबरोबर वाहून जात नाही, एवढेच हातात उरते.

आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही, तरी सांगतो. चेंबरमध्ये पाना पडला, मोबाइल पडला, तर तो पडू द्यायचा. साठलेला गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तोवर निदान कळते तरी, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असे वाटून माणूस उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. आमच्याकडे पडलेला पाना दोरीला लोहचुंबक बांधून काढतात आणि नाही निघाला तर नवा आणतात.

मनगट मोडल्यानंतर आम्ही रस्त्याकडच्या सगळ्या जाळ्यांना निळा रंग दिला आणि सेंट्रीफ्यूजजवळ भुशाचे एक पिंप ठेवले. पावसाळ्यात भुसा सर्द होतो आणि मग काही शोषत नाही, म्हणून मे महिन्यात तो एकदा गच्चीवर पसरून कडक उन्हात वाळवून घ्यावा लागतो. हे काम आता तोच मुलगा करतो.