चकली, लाडू आणि बिनमिठाचं वरण

रात्री अकराच्या सुमारास काचेच्या टाकीतून करकर आवाज यायला लागला. कुणी लांबच्या खोलीत बसून नखं घासतंय असा. टॉर्च मारून पाहिलं, तर लाडू चकलीच्या पाठीवर बसून तिचं कवच खरवडत होता. एका जागचा तपकिरी रंग पार निघून पांढरा डाग पडला होता.

चकली आणि लाडू या आमच्या गोगलगायी. मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या, तळहाताएवढ्या होणाऱ्या जातीच्या. आम्ही लेस्टरला राहतो. इकडे इंग्लंडात लोक त्या हौसेनं पाळतात, शाळेच्या वर्गातही ठेवतात (अमेरिकेत मात्र पाळायला बंदी आहे). मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं आइस्क्रीमच्या डब्यात घालून दोन दिल्या. कवचाची वेटोळी बघून लेकीनं एकीचं नाव चकली ठेवलं. मग दुसरीचं लाडू ठेवणं ओघानं आलंच. प्रत्यक्षात दोघंही नर आणि दोघंही मादी असतात, पण नावामुळे आमच्या घरात लाडू ‘तो’ झालाय.

पहिले चार महिने मी त्यांना काकडी आणि लेट्यूस घालत होतो. गोगलगाय म्हणजे पाला खाणारा जीव, तिला आणखी काय लागतं, असा माझा हिशोब. खायच्याही आवडीनं. काकडी ठेवली की दुसरं काही हुंगायच्या नाहीत. आता कळतं की काकडी म्हणजे नुसतं पाणी, आणि लाडावलेल्या पोराला रोज कुरमुरे द्यावेत तसा तो प्रकार होता.

खरवडलेलं कवच बघून मला वाटलं, कॅल्शियम कमी पडतंय. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो ना, तोच इथे पक्ष्यांच्या खाद्याच्या कप्प्यात मिळतो. बायको अलिबागकडची, ती बघताक्षणी म्हणाली, “अरे, हे तर माकुलाचं हाड.” ते ठेवलं. दोघांनी तुटून पडून खाल्लं, शी पांढरीफेक झाली (गाजर खाल्लं की नारिंगी होते, काही लपत नाही). तरी पंधरा दिवसांनी चकलीच्या कवचाची नवी कड बघितली, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बोट लावायची भीती वाटावी इतकी पातळ.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या बाई स्वतः बरीच वर्षं गोगलगायी पाळतात. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, “प्रोटीन काय देता?”

मी गप्प.

मी सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे बाईंचं म्हणणं मला माझ्या पद्धतीनं कळलं. कवच बहुतांशी चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. पण तो चुना ज्या जाळीवर बसतो ती प्रथिनांची असते आणि वरची तपकिरी सालही प्रथिनांचीच. मी सिमेंट ओतत होतो आणि सळया टाकतच नव्हतो. शिवाय गोगलगाय रात्रभर जो चिकट द्रव सोडत फिरते त्यालाही प्रथिनं खर्च होतात. ती कुठून तरी भरून काढायची, मग ती सोबतिणीचं कवच खरवडेल, अंडी खाईल, वेळ आली तर अंगालाही तोंड लावेल. चकलीचा पांढरा डाग आता कायमचा. ती तपकिरी साल फक्त कडेलाच नवी तयार होते, मागे जाऊन रंग भरता येत नाही.

मग बाईंनी वाळवलेल्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा डबा हातात दिला. कासवांना घालतात तो. आणि इथे आमच्या घरचा तिढा सुरू झाला. मी लातूरकडचा लिंगायत, जन्मात मासळी घरात आणली नाही. बायको लग्नानंतर बाहेरच खाते, तो आमचा समझोता. आता घरात पहिला जवळा आला तो गोगलगायींसाठी! डबा उघडल्यावर फेब्रुवारीच्या थंडीत मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बायको डोळे मिटून वास घेत उभी राहिली. तिनं तर आईनं पाठवलेला खरा जवळा द्यायची तयारी दाखवली. तेवढं मात्र करू दिलं नाही. तो खाऱ्या पाण्यातला, आणि मीठ म्हणजे गोगलगायीला विष.

झिंगे चुरून अर्धा चमचा ठेवले. सकाळी बशी चाटूनपुसून साफ.

तरी मला शाकाहारी मार्ग हवाच होता. एका रविवारी फोनवर आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहज म्हणालो, गोगलगायींना प्रोटीन कमी पडतंय, काय घालू. पलीकडे बराच वेळ शांतता.

“सोयाबीन घाल की. आमचं तर तेच खाल्लं त्यांनी.”

2022 च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबादकडे याच जातीच्या शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली होती. आमची दुबार पेरणी झाली. आण्णा आणि आई पहाटे बॅटरी घेऊन बादल्या भरभरून वेचायचे आणि मिठाच्या पाण्यात टाकायचे. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं 1847 मध्ये मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या, तिथून या भारतभर पसरल्या. आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बेन्सनसाहेबाला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पण सल्ला अचूक होता. सोयाबीनमध्ये 35 ते 40 टक्के प्रथिनं असतात. फक्त कच्चं चालत नाही, त्यात पचन अडवणारी द्रव्यं असतात, शिजवावंच लागतं. आता आठवड्यातून दोनदा कुकर लावताना एका छोट्या वाटीत वेगळी मूगडाळ किंवा सोयाबीन लावतो. मीठ नाही, हळद नाही, फोडणी तर नाहीच. घोटून, वर अंड्याच्या कवचाची पूड भुरभुरून बशीत ठेवायचं. लेक त्याला ‘लाडूचं वरण’ म्हणते. पंधरवड्यातून एकदा झिंगे, बायकोच्या हस्ते. बाकी दिवस रताळं, लाल भोपळा, मशरूम, केलचा पाला, परसातली डँडेलियनची पानं. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. भात, पास्ता, कांदा, लिंबू-संत्रं बंद. काकडी रविवारी, सणासारखी. वरण रात्री ठेवलं की सकाळी उचलायचंच. एकदा विसरलो तर बुरशी आली आणि पाठोपाठ बारीक पांढरे किडे. टाकीच्या तळाचा सगळा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बदलावा लागला.

मधे मी अतिरेकही केला. कड जाड होताना दिसली म्हणून हुरळून रोज वरण. तीन आठवड्यांत लाडूची नवी वाढ ओबडधोबड आली आणि एका सकाळी मातीत साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, पिवळसर अंडी. शंभरावर मोजल्यावर मी थांबलो. ही जात इथल्या मोकळ्या जमिनीवर सोडणं गुन्हा आहे, त्यामुळे अंडी फ्रीजरमध्ये ठेवून मारायची, तीही लगेच, आत पिल्लं धरण्याआधी. मटारच्या पिशवीमागे डबा ठेवला. लेकीनं विचारलं, “त्यात काय आहे?” मी म्हणालो, साबुदाणा. दोन दिवसांनी बायको उपासाला तोच डबा काढणार होती.

आज चकलीच्या कवचावर एक रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या आत काकडीचा काळ, फिका आणि खडबडीत. बाहेर वरणाचा काळ, गडद, गुळगुळीत, टणक.

गेल्या रविवारी आण्णांचा फोन आला. पेरण्या तोंडावर आल्यात. एरवी आधी नातीची चौकशी करतात, या वेळी सरळ मुद्द्यावर.

“आपण बांधाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाकतो, त्याखाली येतात त्या. पर तू एवढं खाऊ घालतूस, तुला ठावं आसंल. गुळापरीस जास्त कशावर येत्यात?”

लेक शेजारीच बसून चकलीला हातावर घेऊन तिच्यावर कोमट पाणी शिंपडत होती. फोन स्पीकरवर होता.

“नंतर सांगतो आण्णा,” म्हणालो.

ती झोपल्यावर मेसेज टाकला: काकडी. आणि कोबीची पानं.