जास्वंदीवरचे काळे ठिपके

बाबांसाठी चामड्याचं पाकीट करतेय, त्यावर कोरलेल्या जास्वंदीवर काळे ठिपके पडले होते. तीन सोडले तर सगळे गेले, आणि तेही अर्ध्या लिंबाने! हे आधी सांगून टाकते, कारण गेल्या रविवारी पाकिटाचा दर्शनी भाग बाजूला ठेवून नवं चामडं कापायला घेतलं होतं.

पाकिटाच्या आधी ठरवलेल्या मापांत एकच बदल. उंची ९५ मिलिमीटर केली. बाबांच्या खिशात अजून शंभराच्या जुन्या नोटा असतात, त्यांची उंची ७३ मिलिमीटर. नव्या नोटांना ६६ पुरतात. बाहेरचं चामडं १.६ मिलिमीटरचं व्हेज-टॅन (झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं), आतले कप्पे ०.८ चे.

नक्षी मात्र मनासारखी उतरली. डॉन किंग यांनी वायोमिंगमधल्या शेरिडनला घडवलेली पद्धत चामड्यावर नक्षी कोरणारे आपण सगळेच गिरवतो: एकाला एक लागून वर्तुळं, प्रत्येकात एक फूल आणि देठ त्याच वर्तुळाच्या कडेने वळत जाणारे. मी त्यात गुलाबाऐवजी जास्वंद घेतली. पाच पाकळ्या वर्तुळात छान बसतात, पण मधली केसरांची दांडी वर्तुळ फोडून बाहेर येते आणि सगळा ओघ तिथे तुटतो. तीन कागद फाडल्यावर सुचलं की दांडीलाच पुढच्या देठाचा बाक द्यावा. आता नजर फुलातून निघते आणि दांडीवरून घसरत थेट पुढच्या पानावर जाते. पाकळ्यांच्या शिरा स्विव्हल नाइफने, म्हणजे फिरत्या पात्याच्या सुरीने, एकेका दमात ओढल्या, शेवटाला निमुळत्या होत विरून जाणाऱ्या. त्यातल्या दोन मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

हे सगळं शनिवारी रात्री. चामडं ओलसर राहावं म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. सकाळी उघडलं तर फुलांवर निळसर काळे बारीक ठिपके. मोजले, तेवीस निघाले.

पुण्यातला पाऊस बघता पहिला संशय बुरशीवर. पण बुरशी वर लव धरते आणि पुसली की निघते. हे ठिपके पुसून हलेनात, बोटाला काही लागेना. मग पाणी. आमच्याकडे बोअरचं येतं, म्हणून एका तुकड्यावर ते आणि दुसऱ्यावर फिल्टरचं वापरून रात्रभर ठेवलं. दोन्ही कोरे. मग बेव्हलर, म्हणजे चिरेच्या कडेने चामडं दाबून नक्षीला उठाव देणारं हत्यार. माझ्या पहिल्या स्वस्तातल्या संचाचा मुलामा उडालाय, त्यामुळे तो ओल्या तुकड्यावर दाबून ठेवला. सकाळी कडेने करडी छटा होती, पण ठिपका एकही नाही. (तो संच मात्र आता बाद. नवीन सुरुवात करणाऱ्यांना सांगते, वीस हत्यारांच्या स्वस्त डब्यापेक्षा चांगला बेव्हलर, पाकळ्यांना खोलगटपणा देणारा पेअर शेडर आणि पार्श्वभूमी दाबणारा बॅकग्राउंडर, ही तीनच घ्या.)

उत्तर आईकडून आलं. विळीवर आवळे चिरत होती. माझ्या हातातलं ठिपक्यांचं चामडं बघून म्हणाली, "अगं, हे तर आवळ्यासारखंच काळं पडलंय. लोखंड लागलंय त्याला."

लोखंड आणि टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य! माझं हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे, कोल्हापुरी चपलांच्या चामड्यासारखं, म्हणजे टॅनिनने ठासून भरलेलं. ओलं असताना त्यावर लोखंडाचा कण पडला की तिथे शाईच तयार होते. पण कण आले कुठून? ज्यावर काम करते त्या ग्रॅनाइटच्या लादीवरून चुंबक फिरवला, पिशवीत गुंडाळून. उचलून दिव्याखाली धरला तर पिशवीवर काळी बारीक लव उभी राहिली होती. सुरीच्या पात्याला पॉलिश पेपरवर धार मी त्याच लादीवर लावते आणि पुसते कोरड्या फडक्याने. त्याच लादीवर मग ओलं चामडं पालथं घालून नक्षीचा कागद चिकटवला होता.

अर्धं लिंबू कापसावर पिळून आधी तुकड्यावर, मग फुलावर टेकवलं. ठिपका करडा झाला, पिवळसर झाला आणि मिनिटभरात दिसेनासा झाला. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा टिपलं, आंबट आत राहायला नको. ओलीमुळे बेव्हलच्या कडा फुगून मऊ झाल्या, त्या पुन्हा ठोकाव्या लागल्या. एक पाकळी थोडी फिकट राहिलीय, पण तेल लावल्यावर ती मिळून येईल असं वाटतं. धार लावायची जागा आता गॅलरीत हलवली आहे.

तीन ठिपके मात्र पार्श्वभूमीच्या खोलगट भागात मुरलेत, तिथे लिंबूही पोचत नाही. त्यांच्याकडे बघतानाच आराखडा बदलला. पार्श्वभूमीला काळा स्पिरिट डाय द्यायचा होता, पण तो घामाने सुटून शर्टाला लागतो, माझ्या मागच्या पाकिटाचा अनुभव आहे. मग हाच काळा का नको? लोखंडाचा काळा वर बसत नाही, तंतूतच तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई आपल्याकडे याच जोरावर चालत आली.

म्हणून बरणीत व्हिनेगर आणि मूठभर लोखंडी चुका टाकल्या आहेत. स्टेनलेस नकोत, त्या विरघळत नाहीत. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. एक गोष्ट तुकड्यावर कळली: ओलसर चामड्यावर ब्रश टेकवला तर काळं दोन मिलिमीटर पसरतं, कोरड्यावर ते पात्याच्या चिरेपाशी थांबतं, शेताच्या बांधाला पाणी अडावं तसं. त्यामुळे पार्श्वभूमी दोन दिवस वाळवूनच रंगवेन, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारेन आणि मगच तेल. शिवण त्यानंतर, चार मिलिमीटरच्या टाक्याने. गणपतीपर्यंत पाकीट बाबांच्या हातात द्यायचंय.

बरणीचा आज तिसरा दिवस. चुकांवरून बारीक बुडबुडे सुटतायत. रोज त्या पाण्याची एक रेघ तुकड्यावर ओढून बाजूला तारीख टाकते. पहिली रेघ राखाडी होती, कालची शिशाच्या पेन्सिलीसारखी, आणि आजची ओढता ओढताच काळी होत गेली.