अंगात ताप आहे, थर्मामीटरला मान्य नाही

माझं अंग एरवी 97.2 फॅरनहाइटच्या आसपास असतं. आता हे छातीठोकपणे सांगते, कारण वहीत लिहिलेलं आहे. पूर्वी एवढंच कळायचं की थर्मामीटर कधी माझ्या बाजूने बोलत नाही. हातपाय मोडून आलेत, डोळ्यांची आग होतेय, पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही, आणि आकडा 98.8. "कुठाय ताप?" यावर घरात एकमत. ऑफिसात तर त्याहून सोपा हिशोब: ताप नाही, तर रजा कशाची?

करोनात दुकानाच्या दाराशी कपाळावर गन धरायचे, तेव्हा तर कधीकधी 94 यायचं आणि वॉचमन "जा मॅडम" म्हणून आत सोडायचा. शरीराचं आतलं तापमान 95 च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्या हिशोबाने मला किराणा नको, ॲम्ब्युलन्स हवी होती. पण गन फक्त कातडीची उष्णता बघते, आणि घामेजलेल्या, वारा लागलेल्या कपाळावर ती काहीही सांगू शकते. तो आकडा मी मनावर घेतला नाही.

मनावर घेतलं ते वार्षिक मेडिकलमध्ये. सिस्टरने जिभेखाली थर्मामीटर ठेवला, 96.9. तिने दुसरा आणला, तोही जवळपास तेवढाच. "थायरॉईड केलंय का कधी?" एवढं विचारून ती पुढच्या माणसाकडे वळली. घरी सांगितल्यावर जाऊबाई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांनी निदान पक्कं केलं. आपल्याकडे चाळिशीच्या बाईला काहीही झालं तरी आधी थायरॉईडच निघतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरकाकांनी मात्र आधी प्रश्न विचारले. इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते का? वजन वाढलं? केस, पाळी, बद्धकोष्ठ? ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का? अंगदुखीसाठी अधूनमधून क्रोसिन घेतेस का? नाडी बघितली, गळा चाचपला. थायरॉईड मंदावला की शरीराची सगळी भट्टीच मंद पेटते, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायची. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि साखर. रिपोर्ट आले, सगळं जागच्या जागी.

"मग हे 97 कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? तू अशीच आहेस," काका म्हणाले. "फक्त 'अशी' म्हणजे किती, ते एकदा नीट मोजून आण."

मोजायचं कसं, हेही त्यांनीच बजावलं. थर्मामीटर एकच, जागा एकच. जिभेखाली म्हणजे पुढे दातांशी नव्हे. मागे, मधल्या पातळ पडद्याच्या बाजूला जी खोबण असते तिथे. ओठ मिटलेले, श्वास नाकाने. काखेत घेतलं तर अर्धा ते एक अंश कमी येतं, म्हणून दोन्हीची सरमिसळ नको. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. गरम-गार काही पोटात गेलं असेल तर अर्धा तास थांबायचं.

या शेवटच्या अटीने माझा जीव खाल्ला. ऑफिसात चहा येतो पावणेपाचला, आणि तो गार करून पिण्यात काही अर्थ नसतो. एकदा गंमत म्हणून चहानंतर लगेच घेतलं, तर 99.6! शेवटी चहावाल्या पोराला सांगून माझा कप नंतर आणायची सोय केली. तोंडात थर्मामीटर धरून एक्सेल भरणारी बाई सगळ्यांच्या सवयीची झाली.

दोनेक महिन्यांत वहीच बोलायला लागली. पहाटे 96.8च्या आगेमागे, संध्याकाळी 97.7 पर्यंत. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात आकडे चक्क पायरी चढल्यासारखे अर्ध्या अंशाने वर, आणि पाळी आली की परत खाली. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्याचा हा प्रताप. म्हणजे माझं यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते सगळे चढउतार नियमाने करत होतं, फक्त खालच्या मजल्यावर राहून.

मग सगळे 'नॉर्मल' म्हणून धरून बसतात ते 98.6 आलं कुठून? जर्मनीतल्या लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांची तापमानं काखेत घेऊन 1868 मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात 37 सेल्सिअस, म्हणजेच 98.6 फॅरनहाइट, हा आकडा होता. त्यांचा एक थर्मामीटर अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. तो तपासला तर आजच्यापेक्षा एक सेल्सिअसहून जास्त वर दाखवत होता. 1992 मध्ये 148 धडधाकट माणसांची तोंडातली तापमानं घेतली तेव्हा सरासरी 98.2 आली. 2017 मध्ये पस्तीस हजारांवर लोकांच्या नोंदींतून निघाली साधारण 97.9. अमेरिकेच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्यांचं तर म्हणणं आहे की गेल्या दीड शतकात माणसाचं अंगच थोडं थंडावलंय. क्षय, किडलेले दात-हिरड्या अशी अंगात मुरलेली दुखणी कमी झाली, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. आमच्या घरात मात्र 98.6 अजून दगडावरची रेघ!

माणसामाणसांत फरक का, याचं उत्तर अर्धवटच मिळतं. स्वस्थ बसलेलं असतानाही यकृत, मेंदू, हृदय, स्नायू उष्णता तयार करत असतात. मेंदूतलं हायपोथॅलॅमस ती किती राखायची ते ठरवतं. वय वाढेल तसा आकडा थोडा उतरतो. बांधा, हार्मोन्स, दिवसाची वेळ, सगळ्याचा वाटा असतो. पण 2017 च्या त्याच अभ्यासात वय, लिंग, आजार, वेळ वगैरे सगळं धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम 8.2 टक्के भाग उलगडला. बाकी ज्याचं अंग त्याच्यापाशी. मला हे वाचून बरंच वाटलं, उगाच कारण शोधत लॅबच्या पायऱ्या झिजवायला नकोत.

गेल्या पावसाळ्यात कणकण आली, 99.4. यावेळी काकांना नुसता आकडा न सांगता वहीचं पान दाखवलं. "सकाळी सकाळी हिच्यासाठी हा ताप धरायचा," म्हणाले, आणि डेंग्यूची तपासणी लिहून दिली. निगेटिव्ह निघाली, व्हायरल होता. वही दाखवली म्हणून प्रत्येक 98.5 ला ताप म्हणायचं नाही, हेही वर ऐकवलं; खाणंपिणं, लघवी, धाप, ग्लानी हे आकड्याच्या आधी बघायचं.

वहीची दुसरी बाजू आता सासूबाईंची आहे. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी थर्मामीटर शंभरी गाठेलच असं नाही, त्यामुळे एरवीच्यापेक्षा दोन अंश वर गेलं तरी कळवा, असं काकांनी सांगून ठेवलंय. सासूबाईंचं एरवीचं 96.6 आहे. कवळी काढून तोंड मिटून बसायला त्या रोज कुरकुरतात, पण आकडा किती आला ते विचारल्याशिवाय उठत नाहीत.