२५,००० फुटांवरची वजाबाकी

हवाई वैद्यकाचा डॉक्टर म्हणून, प्राणवायू कमी पडला की काय होते हे कळावे यासाठी, अल्पदाब चेंबरमध्ये (उंचावरची विरळ हवा तयार करणाऱ्या बंद खोलीत) मी कितीतरी तरुण वैमानिकांना प्राणवायूचा मास्क उतरवायला लावला आहे. पण बंगळुरात आलेल्या एका तुकडीतील साताऱ्याकडच्या मुलाची वजाबाकी अजून डोळ्यांसमोर आहे. चेंबरमधील दाब २५,००० फूट उंचीइतका उतरल्यावर तो मास्क काढून शंभरातून सात-सात वजा करू लागला. ९३, ८६, ७९ नीट आले. मग ७९ हाच आकडा तीनदा उमटला, अक्षर ओळ सोडून खाली घसरले, नखे निळसर पडली, आणि स्वारी मात्र खुशीत हसत होती. मास्क लावण्याची सूचना दोनदा देऊनही त्याने नुसता अंगठा उंचावला, तेव्हा सहकाऱ्यानेच तो त्याच्या तोंडावर चढवला.

बाहेर आल्यावर त्याने विचारले, “सर, अंतराळात तर माणूस फुटतच असेल ना?”

फुटत नाही. सुमारे ६३,००० फुटांच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की पाणी ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानालाच, उकळते. ऊतींतील पाण्याची वाफ होऊन अंग सुजते, पण त्वचा चिवट असते. १९६० मध्ये अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंजर बलूनमधून १,०२,८०० फुटांवर गेले असता उजव्या हातमोज्यात दाब राहिला नाही. हात सुजून निकामी झाला आणि खाली आल्यावर काही तासांत पूर्ववत झाला.

घात होतो तो श्वासाचा. हवा छातीत कोंडून धरली तर फुफ्फुसे फाटतात. सोडून दिली तर रक्तातला प्राणवायू उलट फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो, आणि ते रक्त मेंदूपर्यंत पोचले की शुद्ध हरपते. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात चेंबरमध्ये नासाचे तंत्रज्ञ जिम लेब्लांक यांच्या अंतराळ-पोशाखाची नळी निसटली, तेव्हा ते सुमारे १४ सेकंदांत कोसळले; जिभेवरची लाळ उकळत असल्याची जाणीव एवढेच त्यांना आठवत होते. दाब तातडीने वाढवल्यामुळे ते बचावले.

“सोयूझ-११ मध्ये झडप हाताने बंद करता आली नसती का?” हा त्याचा पुढचा प्रश्न अभ्यासूचा होता. सोयूझ-११ या सोव्हिएत अंतराळयानात १९७१ मध्ये परतीच्या वाटेवर सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर हवेची झडप उघडली, आतली हवा निघून गेली आणि तिन्ही अंतराळवीर दगावले. त्या वेळी त्यांच्या अंगात दाबपोशाख (आत हवेचा दाब टिकवणारे पोशाख) नव्हते, आणि ती हाताने फिरवून बंद करायला लागणारा वेळ शुद्ध टिकण्याच्या वेळेहून जास्त होता. पुढे सोयूझमधली एक जागा कमी करून उरलेल्या दोघांना उड्डाण आणि परतीच्या वेळी दाबपोशाख सक्तीचा झाला.