पंचवीस चौकटी

यंदाच्या फेब्रुवारीतील एका रविवारी आम्ही कोल्हापुरातील पळणाऱ्या मंडळींनी मिळून मैदानावर १०,००० मीटरची शर्यत घेतली. प्रायोजक नव्हता, पदके नव्हती आणि टी-शर्टही नव्हते. मातीचा ४०० मीटरचा ट्रॅक, फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, आखलेल्या रेषा, शाळेतून मागून आणलेली पितळी घंटा आणि प्रत्येक धावपटूच्या नावाचा एक कागद, एवढ्यावर तो कार्यक्रम पार पडला. त्या सकाळी मी आधी फेऱ्या मोजल्या आणि नंतर धावले. मोजण्याविषयी मला धावण्यापेक्षा अधिक लिहायचे आहे.

कोल्हापुरात पळणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे. पहाटे रंकाळ्याच्या काठावर आणि विद्यापीठाच्या परिसरातील चढउतारांवर ओळखीचे चेहरे दिसतात, आणि ज्यांना चढ हवा असतो ते रविवारी पन्हाळ्याची वाट धरतात. मात्र यांपैकी फारच थोड्या जणांनी शाळा सुटल्यानंतर ट्रॅकवर पाऊल ठेवले होते. एकाच जागी पंचवीस वेळा फिरण्यात कसला आनंद, असा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला. माझे उत्तर असे होते की रस्त्यावरच्या शर्यतीत धावणारा पहिल्या वळणावर दिसेनासा होतो आणि तासाभराने घामाघूम होऊन परत येतो. मधल्या वेळात त्याने काय सोसले, हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. आपले गाव कुस्तीचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानाची रचना कोठेही बसले तरी आखाडा दिसावा अशी आहे, आणि लढत पहिल्या सलामीपासून शेवटच्या डावापर्यंत डोळ्यांसमोर व्हावी, ही आपल्या प्रेक्षकांची जुनी सवय आहे. लांब पल्ल्याची धाव तशी पाहायची असेल, तर ट्रॅकशिवाय दुसरी जागा नाही.

दुसरे कारण अंतराच्या खरेपणाचे. काही वर्षांपूर्वी मी एका रस्त्यावरील शर्यतीत माझी आजवरची सर्वोत्तम वेळ नोंदवली आणि घरी सर्वांना पेढे वाटले; पुढे कळले की मार्ग कित्येक मीटरने कमी भरला होता. ती वेळ मी वहीतून खोडून टाकली, पण त्याचे वाईट मात्र बरेच दिवस वाटत राहिले. ट्रॅकवर असे होत नाही. प्रमाण आखणीत दोन सरळ पट्टे प्रत्येकी ८४.३९ मीटरचे असतात, वळणांची त्रिज्या ३६.५० मीटर असते आणि पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरच्या रेषेवर मोजली जाते. आमच्या मैदानाला आतल्या बाजूने सिमेंटची जुनी कड आहे. आदल्या संध्याकाळी चौघांनी पोलादी टेप धरून तिच्या आधाराने दोनदा मोजणी केली, मग पाणी मारून रोलर फिरवला आणि अंधार पडता पडता फक्की टाकली.

या मोजणीतून एक गोष्ट ध्यानात येते, जी रस्त्यावर पळणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. कडेपासून एक मीटर अधिक बाहेरून पळाले, तर प्रत्येक फेरीत सुमारे सव्वासहा मीटर जादा पडतात आणि पंचवीस फेऱ्यांत ते १५७ मीटर होतात. म्हणून अनुभवी धावपटू आतल्या रेषेला चिकटून राहतो आणि पुढच्याला ओलांडायचे असेल तर शक्यतो वळण संपून सरळ पट्टा लागेपर्यंत थांबतो. मनगटावरील घड्याळाला हे काही कळत नाही. सतत वळणाऱ्या वाटेवर उपग्रहाच्या आधाराने काढलेले अंतर हमखास चुकते, आणि पुढे जो प्रसंग घडला त्याचे मूळ तेथेच होते.

अपेक्षित वेळेनुसार तीन गट केले होते. सर्वांत सावकाश धावणाऱ्यांना पहिला, म्हणजे पहाटेच्या गारव्याचा गट दिला, हा निर्णय मला फार योग्य वाटला. जे सर्वाधिक वेळ मैदानावर राहणार, त्यांच्या वाट्याला ऊन का यावे? एका गटात बारा जण, आणि एका मोजणाऱ्याकडे तीन धावपटू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका मोजणाऱ्याकडे चारांहून अधिक धावपटू देता येत नाहीत. मला तो नियम पूर्वी अवाजवी वाटत असे. त्या सकाळी तिघांना सांभाळताना तो का केला असेल, हे पुरते समजले.

मोजण्याची पद्धत साधी आहे. कागदावर धावपटूचा क्रमांक आणि पंचवीस चौकटी असतात. तो समोरून गेला की चौकटीत नुसती बरोबरची खूण करायची नाही, तर त्या क्षणी चालू घड्याळात दिसणारी वेळ लिहायची. खूण केली आणि एखादी फेरी नजरेतून सुटली, तर ती कायमची सुटते. वेळ लिहिली असेल तर चूक स्वतःच उघडी पडते, कारण दर फेरीस पावणेतीन मिनिटे घेणाऱ्याच्या दोन नोंदींमध्ये अचानक साडेपाच मिनिटांचे अंतर दिसले, की मधली एक फेरी लिहायची राहिली हे उघड होते. आणि धावपटूला सांगायचे ते झालेल्या फेऱ्या नव्हे, उरलेल्या. थकलेल्या माणसाकडून पंचविसातून सतरा वजा होत नाहीत.

माझ्याकडच्या तिघांत अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी होत्या. रंकाळ्यावर सहा वर्षे नेमाने पळतात, पण ट्रॅक त्यांना नवा होता. मागून कोणी आले की त्या आदराने बाहेर सरकत आणि बहुतेक वेळ दुसऱ्या लेनमध्येच राहत. आत या, असे मी दोनदा ओरडून सांगितले, पण मागच्याला वाट देण्याची रस्त्यावरची सवय सुटत नव्हती. चोवीस फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीची घंटा त्यांच्यासाठी वाजवली, आणि त्या रेषेवर येऊन थांबल्या. त्यांच्या घड्याळात दहा किलोमीटर पूर्ण झाले होते. घंटा त्यांना आपण पोहोचल्याची वाटली.

मी म्हणाले, "मावशी, अजून एक फेरी हाय, थांबू नका."

त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरले. त्या रागावल्या नव्हत्या, पण आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि पहिल्या चौकटीपासून बोट फिरवले. सगळी अंतरे पावणेतीन मिनिटांच्या आसपास, कोठेही दुप्पट नाही. म्हणजे एकही फेरी सुटलेली नव्हती आणि नोंदी चोवीसच होत्या. त्यांनी ओठ हलवत शेवटच्या सात-आठ नोंदी स्वतः वाचल्या, घड्याळ बंद केले आणि पुन्हा धावू लागल्या. तोपर्यंत गटातील बाकीचे अकरा जण पोहोचले होते. ते सगळे पाण्याचे पेले हातात घेऊन आतल्या कडेला उभे राहिले, आणि मावशी वळणामागून वळण पार करत गेल्या तसे ते मैदानातून आडवे चालत त्यांच्या बरोबरीने सरकत राहिले. ७० मिनिटे २ सेकंद ही त्यांची वेळ मी लिहिली तेव्हा माझा हात थरथरत होता.

माझी धाव दुसऱ्या गटात होती. पन्नास मिनिटांचे ध्येय म्हणजे दर फेरी बरोबर दोन मिनिटे. पहिल्या तीन फेऱ्या मी उत्साहात १ मिनिट ५४ सेकंदांच्या धावले, नंतरच्या बारा २ मिनिटे २ सेकंदांवर स्थिरावल्या आणि सोळाव्या फेरीपासून पाय जड झाले. या टप्प्यावर मला हेलसिंकीची आठवण झाली. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये ज्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. त्यांची १०,००० मीटरची वेळ होती २९ मिनिटे १७ सेकंद, म्हणजे दर फेरी सुमारे ७० सेकंद, आणि तीही सिंथेटिक ट्रॅक नसलेल्या काळात. तेवढ्या वेळात मी पाऊण फेरीदेखील पुरी करत नव्हते. तरीही पंचवीस हा आकडा त्यांना आणि मला सारखाच होता, या विचाराने मला बळ आले. सोळा ते चोवीस या नऊ फेऱ्या २ मिनिटे ८ सेकंदांच्या झाल्या. माझ्या फेऱ्या मोजणारा महाविद्यालयीन मुलगा दर वेळी उरलेला आकडा स्पष्ट आवाजात सांगत होता, आणि त्या दिवसांत माझ्याशी इतक्या लक्षपूर्वक दुसरे कोणी वागल्याचे मला आठवत नाही. शेवटची फेरी १ मिनिट ५२ सेकंदांत आली. एकूण ५१ मिनिटे १० सेकंद. पन्नास हुकले. मार्चपासून पुन्हा तयारीला लागले आहे.

तिसऱ्या गटातील मुले सुरेख धावली. ऊन वर आले होते, मागच्या सरळ पट्ट्यावर वारा समोरून येत होता, तरी पहिले तिघे अखेरपर्यंत आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेत होते.

आठवड्याने मावशी घरी आल्या आणि त्यांनी आपला कागद मागितला. मी मूळ कागद त्यांना देऊ केला आणि त्याआधी मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवले. त्यांनी तो टेबलावर पसरून पुन्हा वाचला. चोविसाव्या आणि पंचविसाव्या चौकटीत ४ मिनिटे २ सेकंदांचे अंतर आहे, कारण आमचे बोलणे झाले तो वेळही त्यातच धरलेला आहे. पुढे कोणी पाहिले तर त्याला नोंदीतच चूक झाली असे वाटेल, अशी शंका त्यांनी काढली. मग माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी त्या दोन चौकटींच्या शेजारी, समासात, सुवाच्य अक्षरात लिहिले: येथे थांबले होते.